जवळीक आणि अंतर : इंदूरच्या ख्रिस्ती समाजातील समुपदेशनाचा आढावा

‘ख्रिस्ती समुपदेशन’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते आणि तिच्या पोटात किमान तीन निरनिराळी कामे येतात. पहिले काम पाळकीय सेवेचे होय. आजारपण, मृत्यू, विवाह किंवा नोकरी जाणे अशा प्रसंगी पाळकाने अथवा धर्मगुरूने घरी जाऊन विचारपूस करावी, प्रार्थना करावी आणि धीर द्यावा, एवढी तिची व्याप्ती असते. दुसरे काम पाळकीय समुपदेशनाचे. त्यात ऐकण्याचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या अडचणीवर, अनेक बैठकांतून बोलते आणि श्रद्धेची भाषा व मानसशास्त्राची पद्धत या दोहोंचा उपयोग करते. तिसरे काम मानसोपचाराचे. ते मनोविकारतज्ज्ञ व चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांचे असून, उपचार करणारा ख्रिस्ती असला किंवा रुग्णालय मिशनचे असले तरी निदानाचे आणि औषधांचे निकष बदलत नाहीत. लहान मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायात, ही तिन्ही कामे एकाच माणसाच्या, बहुधा पाळकाच्या, अंगावर येऊन पडतात. इंदूरच्या संदर्भात या विषयाचा आढावा घेतला असता असे दिसते की, श्रद्धा आणि मानसशास्त्र यांच्यातील तात्त्विक वादापेक्षा एक साधी सामाजिक गोष्ट अधिक निर्णायक ठरते : ज्या जवळिकीमुळे छोट्या समाजात माणसाला आधार मिळतो, तीच जवळीक त्याला मन मोकळे करू देत नाही.

समाजाची घडण

इंदूर हे होळकरांच्या राजधानीचे शहर आणि त्याच वेळी ब्रिटिशांच्या मध्य भारत एजन्सीचे ठाणे. येथे १८७७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चने मिशनकार्य सुरू केले. डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ मध्ये दाखल झाल्या आणि पुरुष डॉक्टरकडे जाऊ न शकणाऱ्या स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळू लागली. १८८७ मध्ये जॉन विल्की यांच्या पुढाकाराने इंदूर ख्रिश्चन कॉलेजची स्थापना झाली. कॅथलिक पंथाच्या डिव्हाइन वर्ड संघाचे धर्मगुरू १९३२ मध्ये आले, १९३५ मध्ये इंदूरचे स्वतंत्र धर्मक्षेत्र झाले आणि १९५२ मध्ये त्याला धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि इंदूरच्या जुन्या मिशन मंडळ्या तिच्या भोपाळ धर्मप्रांतात आल्या. शुश्रूषेची परंपरा कॅथलिक धर्मभगिनींनीही जपली; कन्हैयालाल मिश्र ‘प्रभाकर’ यांच्या ‘रॉबर्ट नर्सिंग होम में’ या लेखामुळे इंदूरच्या एका शुश्रूषागृहातील त्यांची सेवा हिंदी पाठ्यपुस्तकांपर्यंत पोचली.

या इतिहासाचा समुपदेशनाशी असलेला संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा खोल आहे. उत्तर भारतात ‘छप्पनिया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १८९९-१९०० च्या दुष्काळात माळव्यातील मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. त्याआधी १८९७ मध्ये पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुलींना आणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आश्रय दिला होता. जातीपासून आणि नातलगांपासून तुटलेल्या अशा माणसांना मिशनच्या आवारात घर, शाळा, काम, पुढे जोडीदारही मिळाला, आणि मिशनरी हा त्यांच्या दृष्टीने मायबाप ठरला. अडचण आली की वडीलधाऱ्याकडे जावे, त्याने निर्णय द्यावा आणि तो पाळावा, ही रीत तेव्हा पडली व पाळकांच्या रूपाने पुढे चालू राहिली. आधुनिक समुपदेशनाची अपेक्षा याच्या उलट असते. तेथे ऐकणारा निर्णय देत नाही, समोरच्याला तो घेण्यास मदत करतो. म्हणूनच बैठकीनंतर ‘पण मी करू काय, ते सांगितलेच नाही’ अशी निराशा ज्यांच्या मनात राहते, त्यांच्या अपेक्षेमागे शतकभराची सवय उभी असते.

आजचा समाज अर्थातच एकाच मुळाचा नाही. जुन्या मिशन कुटुंबांबरोबर झाबुआ-अलीराजपूरकडील भिल्ल ख्रिस्ती, केरळ व गोव्याहून आलेले शिक्षक आणि परिचारिका, तसेच महाराष्ट्राशी नाते टिकवून असलेली मराठी कुटुंबे असे अनेक थर त्यात आहेत. उपासना मुख्यतः हिंदीत चालते आणि मराठीतल्या ‘ख्रिस्ती’ शब्दापेक्षा ‘मसीही’ हा शब्द अधिक कानी पडतो. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि देवळात हिंदी बोलणाऱ्या मुलाला आपली घुसमट नेमक्या कोणत्या भाषेत सांगायची, हा प्रश्न त्यामुळे उरतोच. संख्येच्या दृष्टीने पाहता २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात ख्रिस्ती लोकांचे प्रमाण केवळ ०.२९ टक्के होते. इतक्या लहान समाजात पाळक, शाळेचे मुख्याध्यापक, संभाव्य सासरे आणि मंडळीच्या समितीचे सभासद ही माणसे एकमेकांच्या ओळखीची, कधी एकमेकांच्या नात्यातलीही असतात.

विचारांचे प्रवाह

ख्रिस्ती समुपदेशनाची आधुनिक बैठक विसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाली. अँटन बॉयसन या पाळकाला १९२० मध्ये तीव्र मानसिक आजारामुळे स्वतःलाच रुग्णालयात राहावे लागले. बरे झाल्यावर त्यांनी १९२५ मध्ये वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये राहून शिकण्याची सोय केली. पुस्तकाइतकाच जिवंत माणूसही अभ्यासावा, ही त्यांची भूमिका पाळकांच्या प्रशिक्षणाचा पाया ठरली. कार्ल रॉजर्स हे स्वतः काही काळ धर्मशास्त्राचे विद्यार्थी होते. त्यांनी १९४० च्या दशकात व्यक्तिकेंद्री पद्धत मांडली आणि सल्ल्यापेक्षा स्वीकारशील ऐकण्याला महत्त्व दिले. या दिशेला कडवा विरोध जे अॅडम्स यांनी १९७० मध्ये केला. बायबल हेच समुपदेशनाचे पुरेसे साधन आहे आणि बहुतेक मानसिक अडचणींच्या मुळाशी पाप असते, तेव्हा प्रेमाने पण स्पष्टपणे कानउघाडणी करणे हेच खरे समुपदेशन, अशी त्यांची मांडणी होती. या दोन टोकांच्या मध्ये, मानसशास्त्राचे निष्कर्ष तपासून श्रद्धेच्या चौकटीत घेणारा समन्वयवादी प्रवाह आहे.

या समन्वयवादी प्रवाहाची नाळ थेट भारताशी जुळते. फ्रँक लेक हे इंग्लंडमधून आलेले वैद्यकीय मिशनरी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करत होते आणि परजीवीजन्य रोगांचा अभ्यास हा त्यांचा विषय होता. पुढे ते मनोविकारशास्त्राकडे वळले आणि १९६६ मध्ये ‘क्लिनिकल थिऑलॉजी’ हा त्यांचा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. लखनौमध्ये मिशनरी ई. स्टॅन्ली जोन्स यांच्या प्रेरणेने १९५० मध्ये ‘नूर मंझिल’ हे मनोविकार केंद्र उभे राहिले. वेल्लोरच्या मानसिक आरोग्य केंद्राचे काम १९५७ मध्ये बागायम येथे डॉ. फ्लॉरेन्स निकोल्स या कॅनडाच्या मनोविकारतज्ज्ञांनी सुरू केले. रुग्णासोबत घरचे माणूस राहिलेच पाहिजे, हा तेथील दंडक त्या काळात जगाच्या दृष्टीने नवा होता; अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी साधारण त्याच सुमारास रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातील तंबूंत ठेवून हाच प्रयोग केला. पाश्चात्त्य रुग्णालये रुग्णाला घरापासून वेगळे काढत असताना भारतात मात्र मनुष्यबळाच्या टंचाईतून आणि घरच्या माणसांच्या ओढीतून कुटुंब हेच उपचाराचे साधन झाले. ख्रिस्ती समुपदेशन कुटुंबाला केंद्रस्थानी ठेवते तेव्हा त्याच्या पाठीशी असा भारतीय अनुभवही असतो, याची दखल पाळकांच्या प्रशिक्षणात घ्यावी लागेल.

गरज आणि साधने

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशाचा समावेश होता. त्या पाहणीनुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ त्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त होते, आणि विकारांच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण केरळात १.२ असताना मध्य प्रदेशात ते अवघे ०.०५ आढळले. इंदूरची स्थिती राज्याच्या तुलनेने बरी म्हणावी लागेल, कारण बाणगंगा येथे सरकारी मनोरुग्णालय आहे, महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाची जोड त्याला आहे आणि शहरात खासगी तज्ज्ञही आहेत. परंतु झाबुआ, धार, खरगोनकडच्या माणसाला यांपैकी काहीही जवळ नाही, आणि अडचणीच्या वेळी तो इंदूरच्या नातेवाइकाकडे किंवा आपल्या मंडळीच्या पाळकाकडेच येतो.

कुटुंबाचा प्रश्न आत्महत्यांच्या आकड्यांतूनही डोकावतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी ३१.७ टक्के घटनांमागे कौटुंबिक कारण आणि १८.४ टक्के घटनांमागे आजारपण नोंदवलेले होते. आत्महत्येचे कारण एकच कधी नसते आणि पोलिसांची नोंद ही निदानाची जागा घेत नाही, हे मान्य केले तरी, घरातील ताण हा मानसिक आरोग्याचा मुख्य प्रश्न आहे एवढे त्यातून दिसतेच. पाळक घराघरात जाणारा माणूस असल्यामुळे हा ताण त्याला डॉक्टरच्या कितीतरी आधी दिसू शकतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते, आणि प्रत्येक मंडळीच्या सूचनाफलकावर हा क्रमांक असणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरावा.

तज्ज्ञांची उणीव सामान्य माणसांना शिकवून भरून काढता येते, याचा भक्कम पुरावा गोव्यातून आलेला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या परंतु प्रशिक्षित व देखरेखीखाली काम करणाऱ्या समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना ६ ते ८ बैठकांचा उपचार दिला, आणि नेहमीच्या उपचारापेक्षा तो अधिक गुणकारी ठरल्याचे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. इंदूर-भोपाळ मार्गावरील सीहोर जिल्ह्यातही याच संस्थेने राज्य शासनासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्यसेवा जोडण्याचे काम केले आहे. मंडळीतील निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका अशी समुपदेशक होऊ शकते, असा अर्थ यातून निघतो. मात्र त्या प्रयोगांचे यश केवळ सहृदयतेचे नव्हते, ते ठरीव पद्धतीचे, नोंदींचे आणि नियमित देखरेखीचे होते.

श्रद्धेचा उपयोग किती

उपचारात श्रद्धेची भाषा वापरल्याने फरक पडतो का, याचे संशोधन सावध निष्कर्षांकडे नेते. रिबेका प्रॉप्स्ट यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात धार्मिक रुग्णांच्या नैराश्यावर धार्मिक आशय जोडलेली विचार-वर्तन उपचारपद्धती परिणामकारक आढळली, आणि विशेष म्हणजे स्वतः धार्मिक नसलेल्या उपचारकांनी ती वापरली तेव्हाही ती उत्तम चालली. हॅरॉल्ड केनिग यांच्या २०१५ मधील अभ्यासात, दीर्घ शारीरिक आजारासोबत नैराश्य असलेल्या १३२ रुग्णांमध्ये धार्मिक आणि नेहमीची अशा दोन्ही पद्धती एकंदरीत सारख्याच ठरल्या. केनेथ पार्गामेंट यांनी तर श्रद्धेचा आधार दोन्ही बाजूंनी काम करतो हे दाखवले : देव सोबत आहे ही भावना माणसाला सावरते, तर देव शिक्षा करत आहे ही भावना आजार वाढवते. म्हणजे समुपदेशक ख्रिस्ती आहे की नाही यापेक्षा, तो समोरच्याच्या मनातील देवाची प्रतिमा कोणती आहे हे ओळखू शकतो की नाही, हे महत्त्वाचे ठरते.

बायबलमध्येच यासाठी सामग्री आहे. जगण्याला कंटाळून झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयाला आधी झोप, भाकरी आणि पाणी मिळते, बोध नंतर येतो. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट बसून राहतात तोवर आधार देतात, आणि दुःखाचे कारण समजावून सांगू लागले की जखमेवर मीठ चोळू लागतात. स्तोत्रसंहितेतील विलापगीते देवाकडे तक्रार करण्याची मुभा देतात. तरीही नैराश्य म्हणजे विश्वासाची उणीव, भास होणे म्हणजे भूतबाधा आणि औषध घेणे म्हणजे प्रार्थनेवरचा अविश्वास, अशी समजूत काही मंडळ्यांत आढळते. भूतबाधेची ही समजूत ख्रिस्ती समाजापुरती मर्यादित नाही. माळव्यात निरनिराळ्या धर्मांच्या स्थळी लोक याच कारणाने जातात. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या खासगी आसऱ्यात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मृत्युमुखी पडले, तेव्हा श्रद्धास्थळ आणि उपचारस्थळ यांची सरमिसळ कोठवर जाऊ शकते हे देशाने पाहिले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने साखळीने बांधण्यावर बंदी घातली, मनोरुग्णांना निवासी ठेवणाऱ्या संस्थांना नोंदणी सक्तीची केली, आणि त्याचबरोबर केवळ समाजाच्या नैतिक वा धार्मिक धारणांशी न जुळणारे वर्तन हा मानसिक आजाराचा पुरावा मानता येणार नाही, असेही स्पष्ट केले. प्रार्थनागृहात रुग्णाला आठवडेच्या आठवडे ठेवून घेणाऱ्यांनी हा कायदा वाचणे आवश्यक आहे.

मध्य प्रदेशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मिशनरी कार्याची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला, १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची जागा अधिक कठोर कायद्याने घेतली. बळ, फसवणूक वा प्रलोभन यांनी केलेले धर्मांतर त्यानुसार गुन्हा आहे. आरोग्यप्राप्तीसाठीच्या प्रार्थनासभांकडे संशयाने पाहिले जाते ते याच पार्श्वभूमीवर. समुपदेशनाच्या नीतीचा विचार केला तरी निष्कर्ष फार वेगळा निघत नाही : खचलेला माणूस मोठ्या निर्णयाच्या अवस्थेत नसतो, म्हणून त्याच्यापुढे श्रद्धेचा प्रस्ताव न मांडता त्याने विचारल्यावरच त्याविषयी बोलावे, आणि अन्यधर्मीय व्यक्तीला तिच्याच परंपरेतला आधार शोधू द्यावा.

विवाह, क्षमा आणि सुरक्षितता

कुटुंब समुपदेशनात ख्रिस्ती परंपरेची सर्वांत जुनी व्यवस्था विवाहपूर्व मार्गदर्शनाची आहे. कॅथलिक धर्मप्रांतांत हे वर्ग लग्नाआधी पूर्ण करावे लागतात. लग्नानंतरच्या कलहासाठी मात्र अशी ठरीव व्यवस्था विरळा असते. भारतीय घटस्फोट अधिनियम १८६९ चा. त्यात परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद २००१ मध्ये आली, तोवर ख्रिस्ती दांपत्याला सन्मानाने विभक्त होणेही अवघड होते. विवाह अविच्छेद्य आहे या धर्मतत्त्वाचा आणि या कायद्याचा एकत्रित परिणाम असा झाला की, मार खाणाऱ्या स्त्रीला ‘सहन कर, क्षमा कर, प्रार्थना कर’ हा सल्ला देणे सोपे गेले.

क्षमेचा विचार करताना इंदूर धर्मप्रांताचे एक उदाहरण टाळता येत नाही. उदयनगर परिसरातील भूमिहीन आदिवासींत काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये हत्या झाली. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. २००२ मध्ये राणी मारिया यांच्या सख्ख्या बहिणीने, ज्या स्वतः धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. कुटुंबाच्या पाठिंब्याने २००६ मध्ये त्याची सुटका झाली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. या घटनाक्रमाचा उल्लेख प्रवचनांत क्षमेचा आदर्श म्हणून होतो, परंतु समुपदेशकाने त्यातील क्रम पाहावा. आधी गुन्ह्याची दाद लागली, गुन्हेगार कैदेत होता म्हणून कोणाला धोका उरला नव्हता, राखीपर्यंत सात वर्षे गेली, आणि क्षमा करणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने केली, कोणी त्यांच्याकडून करवून घेतली नाही. रोज रात्री दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या घरात यांपैकी एकही गोष्ट नसते. तेथे क्षमेचा आग्रह धरणे म्हणजे धोक्याला मुदतवाढ देणे होय. तेथे पहिला प्रश्न सुरक्षित निवाऱ्याचा आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मिळणाऱ्या संरक्षणाचा असतो.

गुप्ततेची कसोटी

कॅथलिक परंपरेत पापनिवेदनाची गुप्तता अभंग मानली जाते. धर्मगुरूला ती कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. समुपदेशनातील गुप्तता मात्र वेगळ्या प्रकारची असते. ती व्यावसायिक विश्वासावर उभी असते आणि तिला मर्यादा असतात : जिवाला धोका असेल तर मदत बोलवावी लागते, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती कळवणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरते. पतिपत्नीमधील वा वकील-अशिलामधील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियम जे संरक्षण देतो, तसे धर्मगुरूशी झालेल्या संवादाला देत नाही. म्हणून पापनिवेदन कोठे संपते आणि समुपदेशन कोठे सुरू होते, हे बैठकीच्या आरंभीच सांगणे आवश्यक ठरते.

परंतु इंदुरातील गुप्ततेचा खरा शत्रू कायद्यात नाही, तो परिचयात आहे. रविवारी ज्याच्यासमोर उपासनेला बसायचे त्याला मुलाच्या व्यसनाविषयी सांगणे, किंवा ज्याच्या शिफारशीवर मिशनच्या शाळेतील नोकरी अवलंबून आहे त्याला स्वतःच्या नैराश्याविषयी सांगणे, कोणालाही जड जाते. प्रार्थनेची विनंती म्हणून सांगितलेली गोष्ट प्रार्थनासभेत मोठ्याने उच्चारली जाते आणि सायंकाळपर्यंत ती सर्वांना ठाऊक होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, उलट आपुलकीच असते, आणि तरीही सांगणारा पुन्हा बोलत नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी घरातील आजाराची आठवण निघेल, ही भीती मग उपचारांच्याही आड येते.

या अडचणीचा उपाय श्रद्धा सोडण्यात नाही आणि आपुलकी कमी करण्यातही नाही. तो कामांची विभागणी करण्यात आहे. पाळकाने घरी जावे, सोबत बसावे, लक्षणे ओळखावीत आणि योग्य ठिकाणी पाठवावे. दीर्घ समुपदेशन मात्र त्याच मंडळीबाहेरच्या प्रशिक्षित व्यक्तीकडे असावे. निदान व औषध डॉक्टरकडे राहावे. एका शहरात कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि इतर स्वतंत्र मंडळ्या शेजारी शेजारी असताना त्यांनी आपापले समुपदेशक एकमेकांना द्यावेत, एवढी व्यवस्था नव्या इमारतीशिवाय आणि फारशा खर्चाशिवाय होऊ शकते. तेव्हा दुःख सांगणाऱ्याला ऐकणारा त्याच श्रद्धेची भाषा समजणारा मिळेल, आणि तरीही येत्या रविवारी तो त्याच्या शेजारच्या बाकावर बसलेला नसेल.